पाण्यात टिकली, दारूत सुटली: पॅलाडोनचं प्रकरण

१३ जुलै २००५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, पर्ड्यू फार्मा या कंपनीला तिचं एक औषध बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. औषधाचं नाव पॅलाडोन. त्याला मान्यता मिळाली होती सप्टेंबर २००४ मध्ये, आणि विक्री सुरू झाली २००५ च्या सुरुवातीला. दुकानात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. एवढ्या घाईनं औषध मागं घेतलं गेलं की बातमीत आपण आधी दगावलेल्यांचा आकडा शोधतो. इथं तो नव्हता. पॅलाडोनवर असताना दारू पिऊन कुणाच्या जिवावर बेतल्याचं आपल्या माहितीत नाही, असं एफडीएनंच तेव्हा सांगितलं होतं.

औषध गेलं ते एका छोट्या चाचणीच्या आकड्यांमुळे. पाण्याऐवजी दारूसोबत घेतलं तर या कॅप्सूलचं काय होतं, एवढाच त्या चाचणीचा प्रश्न होता. चाचणी केली होती खुद्द कंपनीनं.

औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात 'डोस डंपिंग' (हळूहळू सुटायचं औषध गोळीतून एकदम ओतलं जाणं) शिकवताना बहुतेक जण व्याख्या सांगून पुढं सरकतात. मला वाटतं, व्याख्या बाजूला ठेवून हे एकच प्रकरण नीट उलगडलं तरी पुरतं. गोळी कशी फुटते, कशी विरघळते, ती कशात विरघळावी असं बनवणाऱ्यानं मनात धरलेलं असतं आणि प्रत्यक्ष पोटात काय असतं, हे सगळं त्यात आहे.

औषध काय होतं

पॅलाडोनमधलं मूळ औषध हायड्रोमॉर्फोन. अफूच्या घराण्यातलं, मॉर्फीनचं भाऊबंद, पण तोंडावाटे घेतल्यावर मॉर्फीनच्या साधारण पाचपट जोरकस. औषध नवं नव्हतं, १९२० च्या दशकापासून वापरात होतं. त्याच्या साध्या गोळ्या २, ४ आणि ८ मिलिग्रॅमच्या मिळत आणि त्यांचा असर काही तासांत ओसरे. कॅन्सरच्या दुखण्यानं तळमळणाऱ्या माणसाला दर चार-सहा तासांनी गोळी द्यायची, तर रात्री दोनला त्याला उठवावं लागतं. नुकता डोळा लागलेल्याला वेदनाशामक देण्यासाठी जागं करायचं, यातला विरोधाभास घरात असा रुग्ण सांभाळलेल्या कुणालाही सांगावा लागणार नाही.

म्हणून चोवीस तास पुरेल अशी कॅप्सूल केली. १२, १६, २४ आणि ३२ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ती सगळ्यांसाठी नव्हतीच. आधीपासून रोज मॉर्फीनसारखी औषधं घेत असलेल्या, ज्यांच्या शरीराला त्यांची सवय झाली आहे, अशांनाच द्यायची होती. कारण उघड आहे. एका कॅप्सूलमध्ये दिवसभराचं रेशन भरलेलं असतं. ते तासातासानं थोडं थोडं वाटलं जाईल, या भरवशावरच एवढा साठा एका घासात गिळायला दिलेला असतो. वाटपाचं काम औषध करत नाही. ते करतो औषधाभोवतीचा मालमसाला, ज्याला कारखान्यात 'एक्सिपियंट' म्हणतात आणि रुग्ण ज्याचं नावही वाचत नाही.

दाण्यांची रचना

पॅलाडोनच्या कॅप्सूलमध्ये पावडर नव्हती, बारीक दाणे होते. औषध, अमोनिओ मेथॅक्रिलेट को-पॉलिमर नावाचं प्लास्टिकसारखं रेझिन, एथिल सेल्युलोज आणि स्टिअरिल अल्कोहोल हे सगळं एकत्र करून तापवायचं. मऊ झालं की सोऱ्यातून शेव पाडावी तसं बारीक छिद्रांतून दाबून काढायचं, आणि गार झालेल्या काड्यांचे तुकडे करायचे. या पद्धतीला मेल्ट एक्स्ट्रूजन म्हणतात. (स्टिअरिल अल्कोहोल म्हणजे पिण्यातलं अल्कोहोल नव्हे. मेणासारखा घट्ट पदार्थ, क्रीम-लोशनमध्ये सर्रास असतो, चढत वगैरे नाही.)

या दाण्याला वेगळं कवच नाही. औषध त्याच्या अंगातच सगळीकडे मुरलेलं असतं. जठरातलं पाणी हळूहळू आत झिरपतं, औषध विरघळवतं आणि त्याच बारीक वाटांनी बाहेर आणतं. रेझिन, एथिल सेल्युलोज, मेण यांपैकी काहीच पाण्यात विरघळत नाही. औषध निघून जातं आणि मागं सांगाडा उरतो, तो शौचावाटे बाहेर पडतो. वाट अरुंद, म्हणून वेळ लागतो. औषधाचं 'घड्याळ' म्हणतात ते एवढंच: पाण्याला न जुमानणारा पदार्थ आणि त्यातून मुंगीच्या पावलानं जाणारं औषध.

आता या तिन्ही पदार्थांचं दारूशी नातं काय? फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारागिराला विचारा. तो लाखेची चपडी पाण्यात घालत नाही, स्पिरिटमध्ये घालतो. पाण्यात ती खड्यासारखी पडून राहील, स्पिरिटमध्ये रात्रभरात विरघळून पातळ मधासारखी होते. अशा पॉलिशच्या टेबलावर पाण्याचा थेंब लगेच पुसला तर काही होत नाही, पण व्हिस्की सांडली तर पॉलिशच सुटतं. लाख हा गोळीच्या कोटिंगमध्येही जुना पदार्थ आहे, म्हणून हे उदाहरण दूरचं नाही. इथेनॉलच्या, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलच्या, रेणूला एक टोक पाण्यासारखं आहे आणि दुसरं तेलाच्या जातीचं. पाणी ज्यांच्यात शिरू शकत नाही अशा कित्येक रेझिन-मेणांमध्ये ते शिरतं, त्यांच्या साखळ्या सैल करतं, पुरेसं तीव्र असेल तर त्यांना विरघळवून टाकतं. पॅलाडोनच्या दाण्याचे तिन्ही खांब असे होते. सांगाडाच ढासळला, तर त्याच्या अरुंद वाटांचा काय उपयोग?

ग्लास २४० मिलीचा

चाचणी निरोगी माणसांवर झाली. एकदा कॅप्सूल पाण्यासोबत द्यायची, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या तीव्रतेच्या अल्कोहोलसोबत द्यायची, आणि रक्तात हायड्रोमॉर्फोन किती चढतं ते मोजायचं. जीव धोक्यात येऊ नये म्हणून अफूजन्य औषधांच्या अशा चाचण्यांत सहसा नाल्ट्रेक्सोन दिलेलं असतं. ते मेंदूतल्या जागा आधीच अडवून धरतं, त्यामुळे रक्तातला आकडा वाढला तरी श्वास दबत नाही.

पेयाचं माप होतं २४० मिली, म्हणजे आठ औंस. हा आकडा कुठल्या बारमधून आलेला नाही. औषध-चाचण्यांत गोळी गिळायला पाण्याचा जो ठरलेला ग्लास देतात, तोच हा. पाणी काढून त्या जागी अल्कोहोल आलं, एवढंच. ४० टक्क्यांचं २४० मिली म्हणजे आपल्या हिशेबात चार लार्ज पेग, तेही बिनपाण्याचे. एका क्वार्टरहून साठ मिली जास्त. आपल्याकडची व्हिस्की-रम बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे चाचणीतल्या पेयाहून किंचित कडकच.

४० टक्क्यांच्या ग्लासासोबत रक्तातली सर्वोच्च पातळी पाण्याच्या तुलनेत सरासरी सहापट झाली. एका माणसात ती सोळापट झाली.

यात डोस वाढलेला नाही, हे लक्षात घ्यायला हवं. कॅप्सूल तीच, मिलिग्रॅम तेवढेच. बदलला तो फक्त वेळ. दिवसभराचं रेशन तासाभरात रस्त्यावर ओतलं गेलं. त्यात दारू स्वतःही श्वासाच्या केंद्राला मंदावते आणि हायड्रोमॉर्फोनही तेच करतं. म्हणजे जिला मुळात या औषधापासून चार हात दूर ठेवायचं, तीच कुलूपही उघडते आणि आत शिरल्यावर मदतीलाही येते. सगळ्यात लहान, १२ मिलिग्रॅमची कॅप्सूलसुद्धा अशी एकदम सुटली तर काही रुग्णांना जीवघेणी ठरू शकते, असं एफडीएचं म्हणणं होतं.

सरासरी सहा आणि एकात सोळा, ही तफावत कशानं? माझ्या मते याचं उत्तर दाण्यांपेक्षा जठरात आहे. प्यायलेलं अल्कोहोल जठरात जसंच्या तसं बसून राहत नाही. जठरातल्या रसानं ते पातळ होतं, काही तिथंच रक्तात शोषलं जातं, बाकीचं जठराच्या खालच्या दारातून आतड्यात उतरतं. कडक दारू, जेवण, माणसाचा स्वभावधर्म यांवर ते दार कधी उघडेल हे ठरतं. दाणे आणि तीव्र अल्कोहोल यांची गाठ एखाद्याच्या पोटात दहा मिनिटं पडेल, एखाद्याच्या तासभर. सरासरी काढली की दोघं एकाच ओळीत बसतात, पण औषध घेणारा कुणीही सरासरी माणूस नसतो.

मला स्वतःला सोळापटीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो तो दुसरा आकडा. अल्कोहोल फक्त ४ टक्के असलेल्या २४० मिली पेयासोबतसुद्धा काही जणांत सर्वोच्च पातळी जवळजवळ दुप्पट झाली. ४ टक्के २४० मिली म्हणजे एक अख्खी बिअरही नव्हे. आपल्याकडे माइल्ड बिअर ५ टक्क्यांपर्यंत आणि स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत असते, बाटली ६५० मिलीची. चार लार्ज बिनपाण्याचे मारणारा माणूस आपण पितो हे जाणून असतो, निदान डॉक्टरांनी विचारलं तर मान खाली घालतो. अर्धा-पाऊण ग्लास बिअर घेणारा मात्र 'मी पीत नाही' असंच सांगतो.

इशारा छापून का भागलं नाही

औषधाच्या माहितीपत्रकात दारूविषयी ताकीद आधीच होती. अफूजन्य औषध आणि दारू एकत्र नको, हे काही नवं ज्ञान नव्हतं. पण ती ताकीद दोन्हींच्या गुंगीची बेरीज होते, या अर्थाची होती. घड्याळच मोडतं, हे त्यात नव्हतं. मग तेवढं वाक्य वाढवून ठळक चौकटीत छापायचं आणि औषध चालू ठेवायचं, असं का केलं नाही? एफडीएनं धोका आणि फायदा तराजूत घातले आणि पॅलाडोनचं पारडं धोक्याकडे झुकलं. सरसकट सगळ्या रुग्णांनी एक ग्लास बिअरही कधी घेऊ नये, हे छापील कागदाच्या जोरावर साधेल यावर विसंबणं म्हणजे दार उघडं टाकून 'आत येऊ नये' अशी पाटी लावणं.

हा निर्णय किती काटेकोर होता ते शेजारचं उदाहरण पाहिलं की कळतं. अव्हिन्झा नावाची मॉर्फीनची दिवसातून एकदा घ्यायची कॅप्सूल तेव्हा बाजारात होती. तिच्या मण्यांतही अमोनिओ मेथॅक्रिलेटच. एफडीएनं स्वतःच्या प्रयोगशाळेत ती २० आणि ४० टक्के इथेनॉल घातलेल्या द्रावणात टाकून पाहिली. अल्कोहोल जितकं जास्त, तितकं मॉर्फीन भराभर सुटलं. ऑक्टोबर २००५ मध्ये अव्हिन्झाच्या लेबलवर चौकटीतला कडक इशारा आला, पण औषध बाजारात राहिलं. एकाला हद्दपारी, दुसऱ्याला ताकीद. पॅलाडोनच्या बाबतीत जिवंत माणसांच्या रक्तातले आकडे होते आणि बिअरच्या पातळीलाही फरक दिसला होता. अव्हिन्झाच्या बाबतीत हातात होतं ते काचपात्रातलं वर्तन. हा भेद मला पटतो, पण पूर्ण नाही. ज्याची माणसांवर चाचणी झाली तो पकडला गेला आणि ज्याची झाली नव्हती तो इशाऱ्यावर सुटला, असंही या जोडीकडे बघता येतं.

आणखी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये 'पॅलाडोन एसआर' नावाच्या हायड्रोमॉर्फोनच्या कॅप्सूल तेव्हाही होत्या आणि नंतरही राहिल्या. मूळ औषध तेच आणि नावही जवळपास तेच, पण त्या बारा तासांच्या होत्या आणि दाण्यांची बांधणी निराळी. 'अमुक औषधावर दारू चालत नाही' हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. प्रश्न त्या औषधाचा असतो तितकाच त्या विशिष्ट गोळीच्या बांधणीचाही असतो.

हे आधी कुणाला का सुचलं नाही

एथिल सेल्युलोज दारूत विरघळतं, हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. उलट गोळ्यांना कोटिंग करणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असतं, कारण कोटिंगचं द्रावण करताना हेच पदार्थ अल्कोहोलसारख्या द्रावकात मुद्दाम विरघळवतात. म्हणजे कारखान्याच्या एका खोलीत जी गोष्ट रोजच्या वापरातली, ती शेजारच्या खोलीत रुग्णाच्या पोटाचा विचार करताना कुणाला आठवली नाही.

कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, चाचणीच्या सवयीत आहे. डिझोल्यूशन म्हणजे गोळीतलं औषध किती वेळात किती सुटतं हे बघायची चाचणी. काचेच्या पात्रात ३७ अंशाला द्रावण, त्यात फिरणारं पॅडल किंवा बास्केट, ठरावीक मिनिटांनी नमुना. द्रावणं कोणती? जठरासारखं आम्ल, आतड्यासारखा बफर (आम्लता स्थिर राखणारं द्रावण). सगळी पाण्याची. पोट म्हणजे कधी आंबट, कधी कमी आंबट पाणी, असं गृहीतच धरलेलं. माणसांवरच्या चाचण्यांत जेवणाचा मात्र बारकाईनं विचार होता. एफडीएच्या २००२ च्या मार्गदर्शिकेत नमुन्याचा नाश्ताच दिला आहे: लोण्यात तळलेली दोन अंडी, बेकनच्या दोन पट्ट्या, लोणी लावलेले दोन टोस्ट, बटाटा आणि एक ग्लास सायीसकट दूध. ८०० ते १००० कॅलरी. एवढा दणकट नाश्ता करून कॅप्सूल घेतली तर काय होईल, हे विचारलं जात होतं. संध्याकाळी त्याच अमेरिकन माणसाच्या हातात काय असतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

शिवाय लक्ष दुसरीकडे होतं. याच कंपनीचं ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य वेदनाशामक १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं होतं. त्या दीर्घ असराच्या गोळ्या कुटून, चघळून, नाकानं ओढून एकदम नशा करणाऱ्यांनी अमेरिकेत हाहाकार माजवला होता. (ऑक्सिकॉन्टिनच्या व्यसनाचा धोका कमी करून सांगितल्याच्या प्रकरणात कंपनीच्या एका शाखेनं २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. तो मोठा विषय आहे, इथं फक्त संदर्भापुरता.) त्यामुळे पॅलाडोन येताना सगळी चर्चा होती ती कुटण्या-चावण्याची, चोरीची, गैरवापराची. घड्याळ हातोड्यानं फोडणाऱ्यावर पहारा बसवला होता. सांगितल्याप्रमाणे अख्खी कॅप्सूल गिळणारा, कसलाही गैरवापर न करणारा रुग्ण केवळ पाण्याऐवजी दुसरा ग्लास उचलून तेच करू शकतो, ही बाजू राहून गेली. कंपनीनं ती चाचणी केली आणि आकडे पुढं आले, हे तिच्या खात्यात जमा धरायला हवं. फक्त विक्रीची परवानगी देण्याआधी ते आकडे टेबलावर असते, तर हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

साध्या गोळीचं काय?

'दारूवर गोळी घेतली की लवकर विरघळते ना?' हा प्रश्न मला वर्गाबाहेर जास्त विचारला जातो. तापाची, डोकेदुखीची साधी गोळी असेल तर उत्तर उलट आहे. साधी गोळी फुटते ती पाण्यामुळे. तिच्यात स्टार्चच्या जातीचे फुगणारे पदार्थ घातलेले असतात, पाणी लागलं की ते फुगतात आणि गोळीला आतून फोडतात. भारतीय औषधकोशाप्रमाणे कोटिंग नसलेली साधी गोळी १५ मिनिटांत फुटायला हवी. तीव्र अल्कोहोलमध्ये हे फुगणं मंदावतं, कारण फुगवणारं पाणीच कमी असतं. म्हणजे गोळी रेंगाळण्याचीच शक्यता जास्त. दारू आणि पॅरासिटामॉल किंवा दारू आणि मेट्रोनिडॅझोल यांचं जे वाकडं आहे ते पुढं, रक्तात आणि यकृतात. ते गोळी फुटण्याशी संबंधित नाही, आणि म्हणून कमी गंभीरही नाही.

मधला वर्ग आहे आतड्यात उतरल्यावरच उघडणाऱ्या, एंटेरिक कोटिंगच्या गोळ्यांचा. आम्लात टिकायचं, आम्ल कमी झालं की विरघळायचं, असं त्यांचं कवच. त्यातली काही कवचं अल्कोहोलमध्ये कमकुवत होतात. तिथं एकदम जिवावर बेतत नाही, पण जठराला जे झेपत नाही ते जठरातच सुटतं, किंवा आम्लात नासणारं औषध नासून जातं.

खरा घोर दीर्घ असराच्या गोळ्यांचा. पट्टीवर नावापुढं एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, कुठं एमआर अशी अक्षरं असतात ती याच गोळ्यांची. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, फिट्स, सगळीकडे आहेत. त्या सगळ्या दारूत सुटतात असं अजिबात नाही. हायप्रोमेलोजच्या चिकट जेलवर चालणाऱ्या गोळ्या, आणि अशा पुष्कळ आहेत, बहुतांशी तग धरतात. पण वरून बघून कोणती कशी बांधली आहे ते रुग्णाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर काउंटरवरच्या माणसालाही पट्टीवरून कळत नाही. रिटॅलिन एलए या लक्ष विचलित होणाऱ्या मुलांच्या-मोठ्यांच्या औषधाच्या अमेरिकी माहितीपत्रकात नोंद आहे: प्रयोगशाळेत ४० टक्के अल्कोहोलमध्ये पहिल्या तासातच ९८ टक्के औषध सुटलं. त्याच्या मण्यांवरही अमोनिओ मेथॅक्रिलेट. फिट्सवरच्या टोपिरामेटच्या ट्रोकेंडी एक्सआर या कॅप्सूलच्या बाबतीत तर आधी सहा तास आणि नंतर सहा तास दारू पूर्ण वर्ज्य, असं घड्याळ लावूनच सांगितलेलं आहे. ज्या औषधात नेमकं कळलेलं आहे तिथं सूचना अशी नेमकी असते. बाकीच्यांत 'मद्यपान टाळा' एवढंच मोघम.

त्यानंतर

पॅलाडोनच्या धक्क्यानं एफडीएनं एक साधी चाचणी घालून दिली. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ०, ५, २० आणि ४० टक्के इथेनॉल. प्रत्येकी १२ गोळ्या. दर १५ मिनिटांनी नमुना, दोन तासांपर्यंत. अमेरिकेत दीर्घ असराच्या गोळीचं जेनेरिक विकायचं असेल, तर कित्येक औषधांच्या बाबतीत ही चाचणी मागितली जाते. ती जेनेरिकं मोठ्या प्रमाणावर भारतात तयार होतात, म्हणून कनेक्टिकटच्या पर्ड्यू कंपनीच्या कॅप्सूलनं लावलेली ही सवय आज आपल्याकडच्या फॉर्म्युलेशनच्या प्रयोगशाळांतही आहे. तिची आपल्याकडची अडचणही खास आपली: इथेनॉलच्या लिटरालिटराचा हिशेब एक्साइजच्या रजिस्टरात चढवायचा. ३७ अंशाला पात्र झाकलेलं नसेल तर अल्कोहोल उडून जातं आणि चाळीसचे अडतीस होतात, ते वेगळंच.

रचनाकारांनीही मार्ग काढले. एथिल सेल्युलोजच्या पातळ थरात थोडा ग्वार गम मिसळायचा, ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती. ग्वार गम म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा डिंक, बहुतांश राजस्थानातून जगभर जाणारा. तो पाण्यात फुगतो पण अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, तर एथिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळतं पण पाण्याला दाद देत नाही. एकाला जे सोडवतं ते दुसऱ्याला धरून ठेवतं.

हायड्रोमॉर्फोन स्वतः २०१० मध्ये अमेरिकेत पुन्हा दिवसातून एकदाच्या रूपात आलं, एक्साल्गो नावानं. या वेळी दाणे नव्हते. सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या टणक कवचाची गोळी, कवचाला लेझरनं पाडलेलं एक बारीक भोक. पाणी कवचातून आत शिरतं, आतला थर फुगतो आणि औषधाला त्या भोकातून बाहेर ढकलतो. हे कवच इथेनॉलमध्ये विरघळत नाही. चाचणी तीच, ग्लास तोच, ४० टक्क्यांचा. उपाशीपोटी सर्वोच्च पातळी सरासरी ३७ टक्क्यांनी वाढली. सहापटीपुढं हे काहीच नाही, तरी एका माणसात वाढ १५१ टक्के होती.

ओपाना ईआर या ऑक्सिमॉर्फोनच्या (हेही मॉर्फीनच्याच घराण्यातलं) गोळीनं मात्र सगळ्यांनाच कोड्यात टाकलं. २००६ साली, म्हणजे पॅलाडोननंतर वर्षभरात ती आली. काचपात्रातली परीक्षा ती उत्तम पास झाली होती. ४, २० आणि ४० टक्के इथेनॉलमध्येही औषध जरासुद्धा जास्त वेगानं सुटलं नाही. मग तीच गोळी २४० मिली ४० टक्के अल्कोहोलसोबत माणसांना दिली, तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी ७० टक्क्यांनी आणि एखाद्यात २७० टक्क्यांपर्यंत वाढली. गोळी शाबूत, घड्याळ शाबूत, तरी औषध जास्त. म्हणजे गोळीत काही मोडलं नव्हतं, अल्कोहोलनं काय बदललं ते शरीरात बदललं होतं. तिच्या माहितीपत्रकात हे एकाच वाक्यात, काहीशा ओशाळ्या सुरात छापलं गेलं: प्रयोगशाळेत गोळी अल्कोहोलमध्ये लवकर सुटत नसली, तरी शरीरात अल्कोहोलचा परिणाम होतो.